पाऊल दिसावं म्हणून

बॅलेचा टुटू घातलेल्या नर्तिकेला स्वतःची पावलं दिसत नाहीत. कमरेपासून आडवी पसरलेली ताठ जाळीची थाळी असते ती. मान खाली घातली तर थाळीचा काठ तेवढा दिसतो. तिला सावरणारा जोडीदारही थाळीच्या पलीकडेच उभा असतो. तिचा तोल नेमका कुठे आहे, हे त्याच्या डोळ्यांना कळत नाही, तिच्या कमरेवरच्या हातांना कळतं. प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला मात्र घोटा, गुडघा, मांडी, चवड्याचं टोक, सगळं लख्ख दिसतं. जिची पावलं, तिच्यापासूनच ती झाकणारा हा पोशाख तिची पावलं जगाला दिसावीत म्हणून तीनशे वर्षं इंचाइंचाने घडत आला आहे.

मला कपड्याची उलटी बाजू आधी बघायची सवय आहे. आई घरी शिवणकाम करायची. कुणाचा ब्लाऊज हातात आला की ती तो आधी उलटा करायची. टाका कसा पडलाय, आत माया किती सोडलीय, हे बघितल्याशिवाय कपड्याबद्दल एक शब्द बोलायची नाही. बॅलेबद्दल वाचायला लागले तेव्हा नाचाइतकंच माझं लक्ष त्या जाळीकडे लागलं, ते याच सवयीमुळे. हे उभं कसं राहतं? कुणी शिवलं? आत काय आहे?

सुरुवात अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये होते. मारी कामार्गो नावाच्या नर्तिकेची आंत्रशा या उडीवर हुकमत होती. हवेत असतानाच दोन्ही पावलं झरझर एकमेकांपुढे-मागे करायची आणि मग जमिनीवर उतरायचं. तोवर हे पुरुषांचं काम समजलं जाई. जमिनीवर लोळणाऱ्या झग्यात ही करामत कुणाला दिसणार? कामार्गोने झगा काही इंच आखूड केला. पावलं आणि घोटे उघडे पडले, बोभाटा झाला, पण उडी दिसली. तिचीच समकालीन मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये ‘पिग्मेलियन’ करताना झग्याखालचा रुंद सांगाडा काढून टाकला आणि मलमलीच्या साध्या वस्त्रात, मोकळ्या केसांनी नाचली. पुढची सगळी गोष्ट या दोघींनी मांडून ठेवली असं मला वाटतं. एकीने पायासाठी कापड कापलं, दुसरीने अंगासाठी ओझं उतरवलं.

पण ज्याला आपण टुटू म्हणून ओळखतो त्याचा जन्म १२ मार्च १८३२ चा मानतात. त्या रात्री पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर ‘ला सिल्फीद’ झाला. लग्नाच्या दिवशीच एका स्कॉटिश तरुणाला वाऱ्यातली परी दिसते आणि तो तिच्यामागे जातो, अशी गोष्ट. परी होती मारी तालिओनी, आणि नृत्यरचना तिच्या वडिलांची, फिलिप्पो तालिओनींची. या बापाने मुलीकडून रोज तासन् तास सराव करून घेतला होता. उडीनंतर पावलाचा आवाज होऊ नये, हा त्यांचा ध्यास. तिचा पोशाख चित्रकार युजीन लामी यांच्या नावावर सांगितला जातो. अंगाला घट्ट बसणारी चोळी, उघडे खांदे, पाठीवर इवलेसे पंख आणि गुडघा-घोट्याच्या मध्ये थांबणारा, घंटेच्या आकाराचा, थरावर थर असलेला पांढरा झगा. तालिओनी चवड्याच्या टोकावर उभी राहायची ती मऊ सॅटिनच्या सपातांमध्ये. आजच्या बुटांसारखं टणक टोक तेव्हा नव्हतं. टोकाला रफूचे दाट टाके घातलेले असत आणि बाकी सगळा भार बोटांवर. पाय हे काम करत असताना वरचा झगा धुक्यासारखा वाटणं गरजेचं होतं, नाहीतर ती परी वाटली नसती.

ते धुकं दिव्यांनी घडवलं. पॅरिस ऑपेरात १८२२ मध्ये गॅसची बत्ती आली होती. १८३१ च्या ‘रोबेर ल द्याब्ल’ या संगीतिकेत मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठून गॅसच्या चांदण्यात नाचल्या आणि पॅरिस थरारलं. त्या जोगिणींची मुख्य तालिओनीच होती. गॅसच्या मऊ, कमी-जास्त करता येणाऱ्या उजेडात पांढरं विरळ कापड आतून उजळल्यासारखं दिसतं, हे तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून बॅलेतल्या भुतं-पऱ्या पांढऱ्या झाल्या त्या आजतागायत.

हे कापडही नवं होतं. मलमल म्हटलं की आपल्या मनात ढाका येतं. पण १८३२ पर्यंत युरोपच्या बाजारात इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांची मलमल भरली होती आणि ढाक्याचे माग विझत चालले होते. जाळीचं तसंच. हाताने विणायची तर बोटभर जाळीला वेळ लागे. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८१६ साली लफबरोमधल्या त्याच्या गिरणीवर यंत्रविरोधी कामगार चालून गेले आणि त्यांनी पन्नासहून अधिक यंत्रं फोडली. हीथकोटने गाशा गुंडाळला आणि तो डेव्हनमधल्या टिव्हर्टन गावी गेला. त्याच्या नावाची कंपनी तिथे अजून कापड विणते. २०२१ साली नासाची ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडी मंगळावर उतरली तेव्हा तिला पेलणाऱ्या साडेएकवीस मीटर व्यासाच्या पॅराशूटचं कापड याच टिव्हर्टनचं होतं. हलकं असावं, पण फाटू नये, ही एकच मागणी दोनशे वर्षं त्या गावाकडे येत राहिली.

आता आगीबद्दल लिहायला हवं. ते टाळून टुटूचा इतिहास सांगता येत नाही.

विरळ कापडाचे अनेक थर आणि थराथरांत कोंडलेली हवा, यामुळे झगा तरंगतो. ठिणगी पडली तर तीच हवा आगीला सगळ्या बाजूंनी फुंकर घालते. आणि रंगमंचाच्या पायाशी, विंगांमध्ये, सगळीकडे उघड्या ज्योती. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात डिसेंबर १८४४ मध्ये क्लारा वेबस्टर या नर्तिकेचा झगा दिव्याला लागून पेटला. तिचा जीव वाचला नाही. नाट्यगृहांच्या आगी तर नेहमीच्याच होत्या. फ्रान्समध्ये १८५९ साली फर्मान निघालं की पडदे आणि पोशाख आग न धरणारे करून घ्यावेत. त्यासाठी कार्तेरों नावाच्या माणसाची रासायनिक पद्धत होती. कापड क्षारांच्या द्रावात बुडवून काढायचं. त्याने ज्वाळा पसरत नसे, पण कापड कडक होई, पिवळट पडे, झग्याचं धुकं मरून जाई.

पॅरिस ऑपेराची त्या वेळची लाडकी नर्तिका होती एमा लिव्री. सोळाव्या वर्षी ‘ला सिल्फीद’मध्येच ती प्रथम दिसली. म्हातारपणाकडे झुकलेली तालिओनी तिला पाहायला पॅरिसला आली, तिची गुरू झाली, आणि १८६० मध्ये तिच्यासाठी तिने ‘ल पापियों’ म्हणजे ‘फुलपाखरू’ हा बॅले रचला. तालिओनीने रचलेला हा एकमेव बॅले. संगीत ऑफेनबाखचं. त्याची नायिका फुलपाखरू होते आणि मशालीच्या ज्योतीने तिचे पंख होरपळतात.

लिव्रीने तो कडक, पिवळा झगा घालायला नकार दिला होता. तसं तिने संचालकांना लिहूनही दिलं होतं. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी दुसऱ्याच एका संगीतिकेची रंगीत तालीम चालू होती. बसताना झगा चुरगळू नये म्हणून तिने तो वर उचलून सारखा केला. त्या वाऱ्याने जवळच्या गॅसची ज्योत झेपावली. ती पेटलेल्या अंगाने रंगमंचभर धावली. अग्निशामकाने घोंगडी टाकून आग विझवेपर्यंत चोळीचा सांगाडा अंगात रुतला होता. त्यानंतर ती आठ महिने जगली आणि २६ जुलै १८६३ रोजी गेली, ऐन विशीत. तिच्या त्या पोशाखाचे उरलेले जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

तिने हट्ट केला म्हणून ती गेली, असं कुणी लिहिलं की मला राग येतो. त्या झग्यातलं धुकंच तिच्याकडून मागितलं जात होतं, टाळ्या त्याला होत्या. रंगमंच तिचा नव्हता, गॅस तिचा नव्हता, कापडाला ज्वाळा लागू नये आणि ते मऊही राहावं अशी युक्ती शोधणं तिचं काम नव्हतं. पैसा आणि अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या, चांगलं दिसावं किंवा सुरक्षित असावं, आणि विशीतल्या मुलीला निवडायला सांगितलं.

आग न लागताही मुली संपत होत्या. एदगार देगा या चित्रकाराने १८८१ मध्ये मेणाची एक मूर्ती मांडली, ‘चौदा वर्षांची छोटी नर्तिका’. उंची मीटरभर. चोळी, सपाता आणि केसांची रिबन खरी, कमरेला खराखुरा कापडाचा झगा. समीक्षकांनी तिच्या चेहऱ्याला माकडाची उपमा दिली. मूर्तीसाठी उभी राहिलेली मुलगी होती मारी व्हान गोएथेम, ऑपेराच्या नृत्यशाळेतली गरीब विद्यार्थिनी. तिची आई धोबीण होती. कांजी करून ताठ केलेलं झग्यांचं टार्लटन कापड घामाने लुळं पडायचं, पुन्हा धुवायचं, पुन्हा कांजी करायची, आणि हे काम पॅरिसच्या धोबिणींच्या हातांनी चालायचं. वर्गणीदार श्रीमंत पुरुषांना पडद्यामागे मोकळा प्रवेश होता. देगाच्या चित्रांत खांबाआड काळ्या कोटातली जी आकृती दिसते ती त्यांचीच. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, गैरहजेरीमुळे मारीला ऑपेरातून काढून टाकण्यात आलं. ती पुढे कुठे गेली याचा माग लागत नाही. तिची मूर्ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहे. मेणाची मूळ मूर्ती वॉशिंग्टनमध्ये, आणि देगाच्या मृत्यूनंतर ओतलेल्या ब्राँझच्या प्रती इतरत्र. ब्राँझ झिजत नाही, कापड झिजतं, म्हणून ठिकठिकाणी तिचा झगा अधूनमधून बदलावा लागतो. ‘टुटू’ हा शब्दही याच काळात छापून येऊ लागला. लहान मुलांच्या बोबड्या फ्रेंच बोलीत ढुंगणाला जे म्हणतात त्यावरून तो आला, असं सांगतात. त्या वर्गणीदारांची नजर कुठे असायची हे या शब्दातच राहून गेलं आहे.

यानंतर गोष्ट रशियात जाते. १८८५ मध्ये इटलीची व्हर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला आली आणि तिथल्या नियमातला लांब झगा तिने नाकारला. तिच्यामागून आलेल्या पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर बत्तीस गिरक्या घेतल्या. उभा पाय चवड्याच्या टोकावर, दुसरा चाबकासारखा फिरतोय. ही किमया गुडघ्याखालच्या घंटेत झाकून कशी चालेल? झगा चढत चढत मांडीपर्यंत आला, मग आडवा झाला, पुढे त्यात तारेची कडी आली. तंत्र पुढे गेलं की कापड मागे सरायचं. कामार्गोची कात्री अजून थांबली नव्हती.

या कात्रीला पहिल्यांदा उलटं फिरवलं ते मिखाइल फोकिन या रचनाकाराने. त्याला थाळीसारख्या टुटूचा कंटाळा आला होता. प्रत्येक गोष्टीला तोच पोशाख कशासाठी, असा त्याचा सवाल होता. शोपाँच्या संगीतावर बॅले बांधताना त्याने आना पावलोवा या नर्तिकेला तालिओनीच्या जुन्या छापील चित्रांतल्यासारखा लांब, पांढरा झगा घातला. त्यातूनच झालेला ‘ले सिल्फीद’ १९०९ मध्ये पॅरिसला गेला. पाऊणशे वर्षांपूर्वीचं वस्त्र परत आलं, आणि ते हौसेखातर आलं नव्हतं. फोकिनला उडी आणि गिरकीची सर्कस नको होती, हात, मान, पाठ यांचा संथ प्रवाह हवा होता. त्यासाठी नाचून झाल्यावरही क्षणभर हवेत रेंगाळणारं कापड लागतं. जुन्याकडे जायचं तर असं जावं, असं मला मनापासून वाटतं.

पावलोवाचा धागा आपल्यापर्यंत येतो. ‘मरणारा हंस’ हे फोकिनने तिच्यासाठी बसवलेलं काही मिनिटांचं नृत्य, टुटूवर पिसं. ते घेऊन ती जगभर फिरली. १९२२-२३ च्या दौऱ्यात ती भारतात आली, मुंबई-कलकत्त्याला नाचली. परत गेल्यावर १९२३ मध्ये लंडनला तिने ‘अजिंठ्याची भित्तिचित्रं’ नावाचा बॅले केला आणि तरुण भारतीय नर्तक उदय शंकरबरोबर राधा होऊन नाचली. १९२८ मध्ये ती पुन्हा मुंबईत आली तेव्हा प्रेक्षकांत रुक्मिणी देवी अरुंडेल होत्या. पुढे ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात दोघी एकाच बोटीवर निघाल्या आणि ओळख झाली. रुक्मिणी देवी बॅले शिकू लागल्या. पावलोवाने त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे बघायला सांगितलं. १९३५ मध्ये मद्रासच्या अड्यारला त्यांनी भरतनाट्यम सादर केलं, आणि त्यांचे शिवलेले पोशाख घडवायला मदत केली तिथेच राहणाऱ्या मादाम काझान या इटालियन शिवणकारिणीने. आज पुण्या-मुंबईच्या क्लासमधली मुलगी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धी, बसते तेव्हा गुडघ्यांमध्ये निऱ्यांचा पंखा उघडतो, त्या शिवलेल्या पोशाखाच्या घडणीत हेही हात आहेत. नेसलेली साडी शिवलेली झाली, कारण गुडघ्यांची रेघ दिसायला हवी होती.

पावलोवा २३ जानेवारी १९३१ रोजी हेगमध्ये न्यूमोनियासारख्या छातीच्या दुखण्याने गेली. जाताना तिने हंसाचा पोशाख मागितला असं सांगतात. तिच्या ठरलेल्या प्रयोगाच्या वेळी वाद्यवृंदाने हंसाची धून वाजवली आणि प्रकाशाचा झोत रिकाम्या रंगमंचावर, ती जिथे असती तिथे तिथे फिरला.

आता उलटी बाजू. टुटू म्हणजे नुसता घेर नव्हे. खाली चड्डी असते, तिच्यावर जाळीच्या चुणीदार पट्ट्या एकावर एक शिवतात, दहा-बारा थर. सगळ्यांत खालची पट्टी बोटभर, वर जाताना प्रत्येक लांब. खालच्या आखूड ताठ थरांवर वरचे लांब थर टेकतात. मग सगळ्या थरांमधून सैल टाके घालतात. जास्त ओढले तर घेर गोळा होतो, सैल सोडले तर खाली झुकतो. एका टुटूला ऐंशी-शंभर तास सहज लागतात. चोळीत उभ्या पट्ट्या, अस्तर, आणि श्वास घेताना बरगड्या फुलतील एवढी सवड.

ही सवड शोधून काढली ती बार्बरा कारिन्स्का यांनी. जन्म १८८६, खारकिव्हचा. भरतकामात वाढलेली ही बाई क्रांतीनंतर देश सोडून पॅरिस, लंडन करत न्यूयॉर्कला पोचली. १९४८ च्या ‘जोन ऑफ आर्क’ चित्रपटाच्या वेषभूषेसाठी तिला ऑस्करही मिळालं. जॉर्ज बालान्चिन या नृत्यरचनाकारासाठी ती पोशाख करायची. त्याच्या ‘सिम्फनी इन सी’च्या शेवटी पन्नासच्या आसपास नर्तक एकाच वेळी रंगमंचावर. कडीवाल्या थाळ्या एकमेकींवर आपटत, तिरक्या होत. कारिन्स्काने १९५० मध्ये कडीच काढून टाकली. थर कमी केले, लांबी कमी केली, जाळी मऊ ठेवली. पावडर लावायच्या फुलासारखा हा टुटू दुसऱ्याला घासला तरी दबतो आणि परत उभा राहतो. चोळीच्या बाजूच्या पट्ट्या तिने उरेब कापल्या, म्हणजे कापड श्वासाबरोबर ताणतं. साडी-ब्लाऊज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला उरेब पट्टीची ही करामत क्षणात कळेल.

बॅलेचे कपडे रस्त्यावर कसे आले, ती गोष्ट थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या बुटांवर रेशन आलं, नाचाच्या सपाता त्यातून सुटल्या होत्या. क्लेअर मकार्डेल या फॅशन डिझायनरने कपेझिओ या सपाता बनवणाऱ्या कंपनीकडून त्यांना टणक तळ लावून घेतला आणि त्या चालायच्या झाल्या. पॅरिसमध्ये रोझ रेपेटोने १९४७ साली नर्तक मुलासाठी, रोलां पेतीसाठी, सपाता शिवल्या होत्या. १९५६ मध्ये तिने अभिनेत्री ब्रिजित बार्दोसाठी बाहेर घालायच्या केल्या. ‘सेक्स अँड द सिटी’ मालिकेच्या सुरुवातीला नायिका जो पांढरा टुटू घालून चालते तो वेषभूषाकार पॅट्रिशिया फील्डने पाच डॉलरच्या ढिगातून उचलला होता. २०२४ मध्ये तो लिलावात ५२,००० डॉलरला गेला. अलीकडे ‘बॅलेकोअर’ नावाने जाळीचे झगे, रिबन, गुलाबी सपाता पुन्हा आल्या आहेत. लहान मुलीने वाढदिवसाला जाळीचा झगा घालून गिरकी घ्यावी यात आनंदच आहे. खटकतं ते एवढंच, की ‘व्हिंटेज’ म्हणून विकताना जुन्यातलं फक्त गुलाबी उचललं जातं.

आणि ते गुलाबी तरी कुणाच्या कातडीचं? बॅलेच्या मोज्या-सपातांचा तो रंग गोऱ्या पायांशी जुळावा म्हणून ठरला. पायाची रेघ कमरेपासून टोकापर्यंत अखंड दिसावी म्हणून. काळ्या नर्तिकेच्या पायावर तीच रेघ तुटते. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने सत्तरच्या दशकात मोजे आणि सपाता प्रत्येकीच्या कातडीच्या रंगात रंगवायला सुरुवात केली. लंडनच्या बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेने आणि फ्रीड या सपाता बनवणाऱ्या कंपनीने तपकिरी छटांच्या चवड्याच्या सपाता काढायला २०१८ उजाडलं. तोपर्यंत मुली घरी बसून, चेहऱ्याला लावायच्या रंगाने, सपातांचा एकेक जोड रंगवत होत्या. पाऊल दिसावं म्हणून चाललेल्या कामातला हा हिस्सा मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

प्रयोग संपला की टुटू उलटे टांगतात, म्हणजे जाळी झुकत नाही. पाण्यात घालता येत नाहीत, म्हणून घामाचा वास जावा यासाठी चोळीच्या आत व्होडकाचा फवारा मारायची रीत कितीतरी नाट्यगृहांत आहे. पाठीवर हुकांच्या दोन-तीन रांगा असतात, कारण आज हिने घातलेला पोशाख उद्या दुसरीला घालायचा आहे. आतल्या पट्टीवर शाईने नावं लिहिलेली असतात, एकीचं खोडून तिच्याखाली दुसरीचं, तिसरीचं. आणि बाजूच्या शिवणीत शिवणाऱ्या बाईने भरपूर माया सोडलेली असते, अजून न आलेल्या मुलीच्या मापासाठी.